एक पाटी उरली

हर्णैच्या बंदरात लिलाव उरकत आला होता.
मांदेलीच्या टोपल्यांतून वाट काढत
मी बारा पाट्या होडीत चढवल्या,
सागाच्या, प्रत्येकीवर पिवळा बाण
आणि खाली माझ्याच हातचं अक्षर:
निसर्गवाट.

दाऊद होडेकरानं बाणांकडे पाहिलं, मग बेटाकडे.
"एवढुशा जागेत माणूस हरवतो होय?"
आणि इंजिनाची दोरी ओढली.

लांबून किल्ला म्हणजे पाण्यात बसलेली म्हैस.
जवळ जावं तशी भिंत वाढत जाते
आणि दार कुठंच नाही.
होडी बुरुजाला वळसा घालते,
काळ्या दगडावर दगड, दगडावर कालवं,
आणि मग नाकासमोर, अगदी हातभरावर,
दार. जणू आत्ताच कुणी उघडलं.
पायरीवर कोरलेलं कासव
ओहोटीत अर्धं कोरडं.

पाट्या डोक्यावर घेऊन मी गुडघाभर पाण्यात उतरले.
वर धर्मा चोगले उभा.
रखवालदार. गळ्यात शिट्टी,
वाजलेली कुणी ऐकली नाही.
"दगडाला खिळा नाही. चुन्याला रंग नाही.
झाडाला तार नाही.
मातीत रोवा. कुठल्या, ते मी दाखवतो."

पहिली हिरव्या पाण्याच्या टाक्यापाशी.
दुसरी कोठाराच्या उघड्या जोत्यापाशी,
तिसरीपासून करवंदीच्या जाळीनं
माझी ओढणी धरून ठेवली ती ठेवलीच.
एका तोफेच्या तोंडात सापाची कात होती,
वाऱ्यानं थोडी आत, थोडी बाहेर.
धर्मा म्हणाला, "ही दरवर्षी बदलते."
तोफेबद्दल काहीच बोलला नाही.

सहावी रोवताना मला तटावर अक्षरं दिसली:
प्र. ला. आणि स., मध्ये बदाम.
"चार दिवस घासत होतो," तो म्हणाला,
"सुक्या कुंच्यानं.
नाव गेलं नाही.
दगडच थोडा गेला."

उन्हं चढली. पहार जड झाली.
अकरावीनंतर धर्मा हळू चालायला लागला,
चप्पल काढून हातात घेतली.
माझ्या कागदावर लिहिलं होतं:
बारा. पश्चिम तट. समुद्राचे विहंगम दृश्य.

वडाच्या शेंड्यावर काटक्यांचं घरटं,
बाळंतिणीच्या बाजेएवढं.
खाली पांढरे शिंतोडे, माशांची डोकी,
समुद्रसापाचा अख्खा कणा, नीट उसवलेला.
काकण घरट्यावर बसली होती.
पोट पांढरं. नजर आमच्यावर नाही,
आमच्या पलीकडे, अंजर्ल्याच्या बाजूला,
जिथून तिचा नर यायचा होता.
घरट्यातून काहीतरी चिरकलं
आणि गप्प झालं.

मी पाटी टेकवून उभी राहिले.
धर्मा बराच वेळ समुद्राकडे बघत होता. मग म्हणाला,
"इथली माती भुसभुशीत आहे, बाई.
पाटी टिकायची नाही."

मी टाच आपटून पाहिली.
माती खळ्यासारखी घट्ट होती.

"हो," मी म्हटलं, "भुसभुशीतच आहे."

परततानाही तो पुढेच चालला, पण आता
वाटेतल्या फांद्या माझ्यासाठी धरत.

दापोलीच्या हापिसात बिलावर मी लिहिलं:
नग अकरा रोवले. एक उतरताना पाण्यात पडला.
साक्षीदार म्हणून दाऊदनं
उर्दूत लांबलचक सही केली,
आणि विचारलं, "पाण्यात म्हणजे, कोणत्या पाण्यात?"

ती पाटी आता त्याच्या होडीत आडवी आहे,
बाण खालच्या अंगाला.
सुट्टीला माणसं येतात, तिच्यावर बसून बेटावर जातात,
अकराव्या पाटीपाशी फोटो काढून मागं फिरतात.
एकानं मात्र बसल्या बसल्या हात फिरवला,
म्हणाला, "साग आहे की हो हा."
दाऊद म्हणाला, "हं."
आणि दोरी ओढली.