बटणं

छावणीतला पोहेवाला कढई मांडायच्या आत
मी डबा उघडते.
लग्न होऊन इंदूरला आले तेव्हापासून शिवत होते,
उरलं ते एवढंच:
एकेका माणसामागं एक बटण.
शिंपल्याचं हे सुलभेचं, तिचं डायलिसिस मंगळवारी.
खाकी, दोन भोकांचं: शांतवन. अजून पितो.
हे पितळी ज्याचं, त्याच्याशी मी
अकरा वर्षं बोलले नाही. त्याचं नाव आधी घेते,
नाही तर राहून जातं.

पाळक म्हणाले, आजी, चर्चच्या पायऱ्या नका चढू,
उपासना फोनवर लावून देतो.
म्हटलं, फोनला शेजारचं बाक असतं का?
रविवारी रिक्षा केली. दोनदा टेकले.
दुसरं गीत चाललं होतं तेव्हा पोचले.

हल्ली सुईत दोरा जात नाही. शास्त्रातली ओळ
बोटाखालून निसटते.
आज एक निळं बटण हाती आलं,
कोणाचं, आठवेना.
मूठ मिटून तशीच बसले बराच वेळ:
प्रभू, तू शिवलंस त्याला,
माप तुलाच ठाऊक.

खालून जिरावणाचा वास. उजाडलं की.
डब्यात अजून मूठभर बाकी.