सव्वादोनशे टक्के

पुराच्या वर्षी खालचं सगळं भिजलं,
तेव्हापासून सर्व्हर पहिल्या मजल्यावर.
जिथे चहाचं सामान आणि जुन्या चोपड्यांचे गठ्ठे असायचे
तिथे आता दोन काळी कपाटं, अठरा अंश,
आणि मी,
बडोद्याच्या मे महिन्यात स्वेटर घालून.

मकरपुऱ्यात आमची व्हॉल्व्हची कंपनी.
माणसं खाली, त्यांच्या सावल्या वर.
कुणी फाइल उघडली की वर एक ओळ उमटते,
कुणी छापली, कुणी पेनड्राइव्ह लावला,
जेवणाच्या सुट्टीत कोण कुठल्या साइटवर गेलं,
किती मिनिटं.
पाकीट मी फोडत नाही.
पण रोज त्याच घरची पाकिटं हातातून गेली
की पोस्टमनला घर कळतंच.

दीपल भरूचला नोकरी शोधते आहे.
स्टोअरच्या इम्तियाजचा माउस
सेव-उसळीच्या दिवशी चाळीस मिनिटं हलत नाही.
मी बोलत नाही. कुणी विचारत नाही.
विश्वामित्रीत मगर पडून असते तशी मी:
पाठ नाही, शेपूट नाही,
नुसते डोळे पाण्यावर.
फरक एवढाच, की मगरीला रिपोर्ट द्यावा लागत नाही.

नीलेशभाई म्हणाले, बेन,
कोण केटला टाइमपास करे छे,
शुक्रवारपर्यंत एक्सेलमध्ये आपजो. नावासकट.

सगळ्यांत वर आलं नाव फणसेकाकांचं.
सत्तावीस वर्षं ड्रॉइंग तपासतायत,
शतांश मिलिमीटरची चूक
त्यांच्या टेबलावरून पुढे गेलेली नाही.
रोज एक्केचाळीस मिनिटं.
अहमदाबादचं एक डोळ्यांचं हॉस्पिटल.
ठळक अक्षरांचे कीबोर्ड, किमती.
आणि एकच पान, आठ वेळा:
मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर.

मग मी त्यांच्या मशीनची सेटिंग उघडली.
कुणी सांगितलं नव्हतं.
स्क्रीनवरच्या अक्षरांचा आकार
गणपतीत सव्वाशे टक्के,
उतरायणाला दीडशे,
आता सव्वादोनशे.

दांडिया बाजारात गवार निवडताना काकू भेटल्या.
यांचं कसं चाललंय गं ऑफिसात?
घरी हल्ली पेपर वाचत नाहीत, म्हणतात कंटाळा येतो.
मी म्हटलं, छान चाललंय.
एवढं बोलून मी गवारीच्या ढिगात हात घातला
आणि नको असताना अर्धा किलो घेतली.

ओळ पुसता येते.
पुसल्याचीही एक ओळ उमटते.
माझ्याही वर एक मजला आहे, पुण्यात की आणखी कुठे,
तिथे कुणीतरी, बहुतेक तोही स्वेटर घालून,
वाचू शकतो:
पाच बावन्न, सुलेखा मोहिते,
फणसेंचं मशीन, चार मिनिटं.
कशासाठी, ते ओळीत नाही.
ओळीत कशासाठी कधीच नसतं.

शुक्रवारी रिपोर्ट दिला, विभागवार.
नीलेशभाईंनी पान वरखाली केलं. नाम क्यां छे?
म्हटलं, नावं बघतो हे आपण कुणाला कधी सांगितलेलं नाही.
ते माझ्याकडे बघत राहिले,
व्हॉल्व्ह गळतोय कुठून ते बघावं तसे.
सोमवारे. नाम साथे.

मी खाली उतरले.
काका स्क्रीनपाशी नाक नेऊन बसलेले,
जणू ड्रॉइंगचा वास घेतायत.
आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी हळूच म्हटलं,
काका, ते हॉस्पिटलचं वगैरे वाचायचं असेल
तर आपल्या फोनवर वाचा.
ऑफिसचं वायफाय बंद करून.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला,
पुसून झाल्यावरही पुसत राहिले.
तुला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं नाही.
म्हणाले,
फोनवर दिसत नाही गं.

वर आले. पंखे फिरतच होते.
सहा दहा. फणसे. मशीन बंद.
तीही ओळ उमटली.