‘ठ’च्या पोटातला निळा

दस्तगीर नदाफच्या दुकानात अक्षरं कापून झाली
की खाली जे पडतं
ते तो तेलाच्या डब्यात साठवतो.
कोरी, पट्ट्या, काना सुटल्यावर राहिलेल्या काड्या
आणि ‘ठ’च्या पोटातल्या टिकल्या:
गोल, निळ्या, रुपयाएवढ्या.
“ने भरून,” म्हणतो, “चहा पाज.”

एक टिकली मिठाईवाल्याची,
एक कोठारी चष्मेवाल्यांची,
तीन साखर पेठेच्या.
त्यांचे ‘ठ’ आता भिंतींवर उन्हात पोकळ उभे,
आणि पोटं माझ्या बाकावर
एकावर एक चिकटून सुकत.

येमूल बाई आल्या तेव्हा पिशवीत धोटा होता.
टोकाचं लोखंड गंजलेलं,
कांडीच्या खाचेत हिरव्या सुताचा एक तंतू अडकलेला.
“वडिलांचा?” मी विचारलं.
“मागाचा,” त्या म्हणाल्या.
पेन हवं होतं. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही चहाच सांगितला.

लाकूड कुठलं, ओळखू येईना.
तीस-पस्तीस वर्षं तेल आणि तळहात पिऊन
सगळी लाकडं शेवटी एकाच रंगाची होतात.
लेथवर चढवलं तर भुशाआधी वास उडाला.
आई दाराशी शेंगा फोडत बसली होती,
मान वर न करता म्हणाली,
“मग्गम.”
मागाला आमच्या घरात मग्गमच म्हणतात.
आमचा विकून एकोणीस वर्षं झाली.

लाकडाचं पटाशीखाली पीठ होतं.
ॲक्रिलिकची रिबीन निघते,
लांबलचक, कुरळी, मनगटाला चिकटणारी,
शाळेतल्या पोरीच्या वेणीतून सुटल्यासारखी.
घाई केली तर हा वितळतो,
ते फुटतं.
दोघांचा राग वेगळा, आणि हात एकच.

घासताना तर पंचाईतच.
याला पाण्याशिवाय चकाकी नाही,
त्याला पाणी नुसतं दाखवा, अंगावर रोम उभे.
शिवाय धोट्याची काळी धूळ
निळ्यात शिरून बसते, निघता निघत नाही.
म्हणून लाकडाला आधी पातळ गोंदाचे सात हात,
मध्ये वीज जाते तेवढा आराम,
मग थेंबाथेंबानं पाणी,
नवीन जावयाला विचारत विचारत वाढावं तसं.

बाईंनी पेन हातात घेतलं, तोललं,
लाइटबिलाच्या पाठीवर चालवून बघितलं.
सही नाही केली.
गोल गोल काहीतरी काढलं, एकाला एक लागून.
तेलुगू असेल, किंवा नुसते गोल असतील.
मी तेलुगू बोलतो,
वाचता येत नाही.

मे महिन्यात परत आल्या.
त्रेचाळीस अंश, डांबर चपलेला धरत होतं.
मी सांध्यावरून नख फिरवलं
आणि नख अडलं.
लाकूड केसभर आत सरलं होतं,
निळा जागच्या जागी.
कारागिराला आणखी काय ऐकायचं असतं!
“ठेवून जा. पुन्हा घासून देतो, पैसे नकोत.”

“नको,” त्या म्हणाल्या,
“पेपर तपासताना अंगठा तिथं जाऊन थांबतो.
पोरांना दोन मार्क जास्त पडतात.
रिफील तेवढी बदला.”

रिफील बदलली. दहा रुपये.
पंख्याखाली दोन मिनिटं बसल्या, पाणी प्यायल्या,
आईशी शेंगांच्या भावाबद्दल बोलल्या
ज्या भाषेत मला भाव कळतो
पण अक्षर कळत नाही.

त्या वळल्या तोच दस्तगीरचा फोन.
अक्कलकोट रोडवरच्या ढाब्याची पाटी कापलीय, लाल.
‘ब’च्या पोटातून दोन-दोन फोडी निघाल्यात,
संत्र्यासारख्या.
गोल नाहीत, म्हणाला, चालतील का?

म्हटलं, ठेव.
लाकूड कुठलं येतंय ते बघू.