पाण्याचा रोध स्थिर माना

प्रश्न सहावा, गुण चार :
हजार टनांचा एक बार्ज
सेकंदाला तीन मीटर वेगाने चालला आहे.
इंजिन बंद केले.
पाण्याचा रोध तीस हजार न्यूटन, स्थिर माना.
बार्ज किती अंतरावर थांबेल?

बार्रेटो सरांनी फळ्यावर एक चौकोन काढला,
एक बाण पुढे, एक मागे.
चौकोनाला नाव नव्हतं, सुकाणू नव्हतं,
कठड्यावर वाळत घातलेली लुंगी नव्हती.
मी सोडवलं : दीडशे मीटर.
लाल पेनाची ती बरोबरची खूण
सारमानसला घरी नेली, बाबांना दाखवायला,
कारण प्रश्न त्यांचाच होता.

बाबांनी चष्मा पुसला.
"दीडशे. कुठे पण?"
कुठे म्हणजे?
"आमोण्याला की दिवाडीच्या वळणावर?
भरती की सुकती?
अमावास्या किती दिवसांवर?
माती ओली भरलेली की सुकी?"
एवढं सगळं दिलेलं नाही, मी म्हटलं.
"मग ज्यानं हे घातलंय
त्यानं जन्मात बार्ज धक्क्याला लावलेला नाही."

रात्री पेजेच्या वाडग्यावर ते पुन्हा तिथेच आले.
"इंजिन चालू असतं तोवर तू इंजिन चालवतेस.
बंद केलंस, की मग बार्ज.
मग तो काय ऐकतो? काही ऐकत नाही.
आमच्या मिंगेलनं एकदा पाय आडवा घातला,
धक्का आणि बार्जच्या मध्ये.
मुंगीच्या चालीनं येत होता रे, म्हणाला इस्पितळात.
मुंगीच्याच. तीन बोटं गेली."

वस्तुमान गुणिले वेग.
मी वहीत लिहिलं नाही ते,
पण त्या दिवसापासून कधी विसरलेही नाही.

पुढे खाणी थांबल्या.
नदीकाठी ओळीने बांधलेले बार्ज
आणि सोप्यावर बसलेले बाबा,
पहिला नियम जसाच्या तसा :
स्थिर वस्तू स्थिरच राहते
बाहेरून बल लागेपर्यंत.
नियमात गंजाचा उल्लेख नाही.
बाहेरून आले ते गॅसकटरवाले, भर उन्हात,
आणि 'सांतेरी प्रसाद' कापत कापत
सां पर्यंत पोचले तेव्हा जेवायची वेळ झाली होती.
बाबा बघायला गेले नव्हते. मी गेले होते.
घरी येऊन सांगितलं नाही.
त्यांनीही, वास येत असून, विचारलं नाही.

आता मीच शिकवते, डिचोलीला.
घर्षण नगण्य माना, म्हणते,
दोरी वजनरहित, कप्पी गुळगुळीत,
हवा नाहीच.
पोरं मान डोलावतात, त्यांना पटतं लगेच.
मी चौकोन काढते, बाण काढते,
आणि चौकोनावर एक छोटी लुंगी वाळत घालते.
मागच्या बाकावरची साल्वी दरवर्षी हसते,
म्हणजे साल्वी नाही, दरवर्षीची कुणीतरी.

परवा टोंकाहून फेरीबोटीनं येत होतो.
सुकती होती, पाणी समुद्राकडे निघालेलं,
फेरीचं नाक थोडं वर, थोडं डावीकडे,
जायचं सरळ म्हणून तिरकं धरलेलं.
बाबांनी सुपारी गालात सरकवली.
काठ अजून चांगला लांब होता
तेव्हा म्हणाले, कुणालाच नाही, "आतां."
इंजिन चालूच राहिलं.
मी मनात मोजू लागले. एक. दोन. तीन. चार.
पाचव्याला चालकानं बंद केलं.

मग धक्का.
स्कूटर पुढच्या स्कूटरवर,
पाटीतली बांगड्यांची रास पाटीच्या कडेला,
एक बाई माझ्या खांद्यावर, मी कठड्यावर,
आम्ही सगळे होतो त्याच वेगाने पुढे.

बाबा मात्र जागेवर,
गुडघे किंचित वाकवलेले, भार टाचांवर.
हे त्यांनी कधी केलं होतं
ते मी पाहिलंच नव्हतं.