नोरी

मिरचीच्या दिवसांत संकेश्वरची हवासुद्धा खोकते.
अडतीतले हमाल थेट येऊन बसतात
सातलिंग हडपदच्या खुर्चीत,
भुवयांत तिखट, कानाच्या पाळीत तिखट,
आणि म्हणतात, लवकर उरक, ट्रक लागलाय.

सातलिंग उरकत नाही.
"नोरी बरली, तडी," असं वाटीला सांगतो,
"फेस येऊ दे की, गडबड करू नगंस," असं माणसाला.
पहिला फेस वस्तऱ्यासाठी नसतोच.
गालावर फिरतो, लालसर होतो,
ओल्या फडक्यानं पुसला जातो.
मग वाटी विसळून दुसरा.

माझा नंबर तिसरा.
सहावीला विज्ञान शिकवतो मी,
बुडबुडा गोल का, हे फळ्यावर किती वेळा काढलंय.
पण ब्रशातलं पाणी किती झटकायचं
ते अजून जमलेलं नाही.
घरी माझा फेस एकतर गळ्यावरून ओघळतो
नाहीतर गालावरच वाळून चुन्यासारखा तडकतो,
आणि पातं खरडत जातं,
खडकाळ रानात कुळव ओढावा तसं.

त्याचा फेस कवडीच्या दह्यासारखा.
ब्रश उचलला की एक शेंडा उभा राहतो,
वाकतो,
पडत नाही.
त्या शेंड्याकडं बघून तो ठरवतो, झालं.

वस्तरा आता गुरुपाद धरतो, त्याचं पोरगं.
बापाकडं वाटी आणि ब्रश.
"हात कापायला लागला मास्तर,
म्हणून कापायचं सोडलं," हे दर वेळी सांगतो
आणि दर वेळी स्वतःच हसतो.
"फेसाला थरथर चालती. नोरी जास्तच येती."
खरंय. दाढीचा एकेक केस
झोपेतून उठवल्यासारखा उभा राहतो.

तेवढ्यात दारात पुरसभेचा माणूस, हातात टेप.
पाटी मोजतोय,
कानडी अक्षर किती इंच, मराठी किती.
"मास्तर, तुम्हीच सांगा, हे बरोबर हाय का?"
माझ्या ओठांवर फेस.
मी नाकानं श्वास घेतला.
सातलिंगनं आणखी थोडा लावला, गरज नसताना,
मिशीच्या बरोब्बर खाली.
टेप खटकन गुंडाळली गेली.

गुरुपादचं पातं आलं
आणि कळलंच नाही कधी गेलं.

दुपारी, अपूर्णांक चालू असताना,
कानामागं काहीतरी चुरचुरलं.
बोट लावून बघितलं. वाळलेला फेस,
आणि त्यात हमालाची मिरची.