काठावरून

बोट नव्हती वेल्टाकडे.
घ्यायचीही नव्हती.
"एकदा बसले," म्हणायची, "सव्वा महिना.
पुरे झालं तेवढं."

लॅकलन नदी तिच्या कुंपणामागून जायची.
जायची म्हणजे, उन्हाळ्यात नुसती बसून असायची,
दूध जास्त झालेल्या चहासारखी.
मी नऊ वर्षांचा.
बाबा मेंढ्या कातरायला लांब गेले की
शाळेनंतर मला तिच्या काठावर ठेवलेलं असायचं,
बादलीशेजारी.

मटणाचं हाड, जुन्या पायमोज्यात बांधलेलं.
सुतळी. झाडूच्या दांड्याला ठोकलेली पिठाची चाळणी.
"सुतळी बोटाला गुंडाळू नकोस, नुसती टेकव.
तो ओढत नाही.
तो विचारतो."

मग ओढायचं, जखमेवरची पट्टी काढावी तसं,
श्वासाश्वासानं,
गढूळ पाण्यातून आधी मोजा दिसायचा,
मग मोज्याला धरलेला निळसर नांगा,
मग अख्खा यॅबी, चिखलाच्या रंगाचा, रागावलेला.
हाड सोडलं तर सुटेल.
सोडत नाही.
मी हसायचो त्याला. वेल्टा हसायची नाही.
चाळणी खालून सरकवायची, बस.

एखादा सुटायचाच.
सुटला की उलटा जायचा,
शेपटी आपटत मागे मागे,
डोळे मात्र आपल्यावरच.
"असंच निघतात," ती म्हणाली एकदा.
कुठून, ते मी विचारलं नाही.

तिच्या गावी म्हणे हातानंच धरायचे,
अल्डरच्या मुळांखाली, रात्री, मशाल पेटवून.
बिळात हात घालायचा
आणि बाहेर काढून बोटं मोजायची.
तिच्या नदीचं नाव तिनं सांगितलं होतं.
मला उच्चारता आलं नाही,
म्हणून तिनं पुन्हा सांगितलं नाही.

शनिवारी पत्र्याच्या बोटी यायच्या.
टोपीवाली माणसं पलीकडून
आमच्या काठाकडे गळ फेकत,
आम्ही त्यांच्या काठाकडे.
मासे बहुतेक मध्ये बसून बघत असावेत.

एक मादी वर आली,
पोटाखाली मोहरीएवढी अंडी, घोसानं.
वेल्टानं तिला फेकलं नाही.
कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बसली,
तळवा उघडा,
तिला वाटेल तेव्हा जाऊ दे म्हणून.
डास चावत होते आम्हाला.

आणि त्याच संध्याकाळी गळाला कार्प लागला.
चांगला हातभर, पितळी, ओठ हलवणारा.
"हा परत सोडायचा नाही," मी म्हणालो,
शाळेत शिकवलेलं सगळं एका दमात:
बाहेरून आणलेत. नदी नासवतात.
तळातलं सगळं उपटून खातात.
आमच्याकडे कुणी खात नाही,
लिंबाच्या झाडाखाली पुरतात.

"बाहेरून," वेल्टा म्हणाली.
दांडका उचलला. एकच घाव.
मग पदरात घेतल्यासारखा तो एप्रनमध्ये घेऊन
घरात गेली.

यॅबी शेपू घालून उकळले.
कार्प टिपाडात धुरावर टांगला,
निलगिरीच्या लाकडाचा नाही,
जर्दाळूची फांदी तोडली तिनं, स्वतःच्या दारची.
रात्री नऊला वाढलं.
चव मातीची होती, धुराची,
आणि आणखी कशाची तरी, जिला मला शब्द नव्हता.
मी दुसरा तुकडा मागितला.
तिनं काटे काढून दिला.
बाबांना सांगितलं नाही.

पुढे मी बोट घेतली. मोटारीसकट.
ती गेल्यावर एकदा तिच्या काठासमोर
मोटार बंद केली.
नवीन लोकांनी कुंपण हिरवं रंगवलंय.
गळ टाकला त्या बाजूला,
दोरा बोटावर नुसता टेकवून.
कुणी विचारलं नाही.

बोट आहे अजून,
परसात, उलटी घालून ठेवलेली.
तिच्याखाली कोंबड्या अंडी घालतात.
काढायला गेलं की एक लाल कोंबडी
मागे मागे सरकते,
डोळे माझ्यावर ठेवून.
मी थोडा वेळ हात तसाच राहू देतो.