पाटकरी

दुपारी चारला जांघेतली नळी ओढली
आणि बोटं ठेवली,
छिद्रावर नव्हे, थोडी वर,
जिथे धमनी हाडावर चढते.
वीस मिनिटं. घड्याळ भिंतीवर, मी वाकलेली,
दगाजी आप्पा छताकडे बघत:
"कोनता गावनी शेस माय तू?"
पिंपळनेरची, म्हटलं.
म्हणजे पाणी तुमच्या अंगावरून येतं आमच्याकडे, म्हणाले.
चाळीस वर्षं भाडण्याच्या फडावर पाटकरी.
कुणाच्या चारीला किती वेळ,
कधी घड्याळ लावलं नाही म्हणे.

रक्त थांबलं. वाळूची पिशवी.
पाय सरळ, सहा तास, कुशीवर वळायचं नाही.
पावलावर नाडी लागली तिथे
बॉलपेनानं फुली मारली.
"वावरनी मोजनी व्हयनी का?"

रात्री दोनला फुलीवर नाडी होती,
पण चादर उचलली तर
जांघेत लिंबाएवढी गाठ, कडक,
भोवती जांभळं पसरत चाललेलं.
धुळ्याचा मे महिना, आणि आप्पांचं अंग गार.
बोलला का नाहीत?
"आत्तेच त बठेल व्हतीस तू."

पुन्हा बोटं. या वेळी चाळीस मिनिटं.
आधी अंगठा दुखतो, मग मनगट,
मग काहीच नाही,
आणि खरी भीती तिथे सुरू होते:
बोट बधिर झालं तर गळती कळणार कशी?
रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आम्हीच दिलेल्या.
स्टेंटमधून वाहतं राहावं,
जांघेत थांबावं,
एकाच रात्री, एकाच माणसात.
गाठीच्या कडा पेनानं आखल्या.
पहाटेपर्यंत तिनं रेघ ओलांडली नाही.

सकाळी डॉक्टर बोरसेंनी सोनोग्राफी लावली.
धमनीच्या शेजारी एक पोकळी,
बारीक मान, आत लाल-निळं गरगरणारं.
खोटी फुगी, म्हणाले. स्वतःची भिंत नसलेली.
आवाज सुरू केला.
खळ्ळ आत, खळ्ळ बाहेर.
आप्पांनी डोळे मिटले.
"उंदीरना बीळमाईन पानी जास
तवय आसंच वाजस."

डॉक्टर क्षणभर थांबले.
मग सुई, औषध थेंबभर,
फुगीच्या पोटात, मानेपासून लांब;
तिकडून धमनीत उतरलं तर पाय जाईल.
गरगर मंदावली. रंग विझले.
चार सेकंद, की पाच,
मी मोजायचं विसरले.
"गारा दाबी दिना का?"
हो, म्हणाले डॉक्टर, आणि त्यांनी हातमोजे
उगाच दोनदा ओढून काढले.
मी फुलीवर बोट ठेवलं.
होती.

तिसऱ्या दिवशी सोडलं.
मुलगी रिक्षा बघायला खाली गेलेली.
आप्पांची एकच तक्रार:
दगडानं घासली तरी पावलावरची फुली जात नाही.
आठवड्याभरात जाईल, म्हटलं.
त्यांनी चप्पल घातली.
पट्टा नेमका तिच्यावर बसला.